दोनशे दहा ठोके

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रशिकने गिटार मांडीवरून उतरवली. धरमपेठेतल्या स्टुडिओत एकच गाणं सातव्यांदा अर्ध्यात थांबलं होतं.

'राखड' या त्याच्या थ्रॅश मेटल बँडच्या दुसऱ्या अल्बममधलं ते पहिलं गाणं. ड्रम शुक्रवारीच, प्रशिक नसताना, रेकॉर्ड झाले होते, आता त्यावर गिटार चढवायची होती. काचेपलीकडून स्टुडिओचे मालक भैय्याजी म्हणाले की हात चुकत नाही, मागे पडतो आहे. एरवी देवीची भजनं रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने हे सांगावं, याने प्रशिक जास्तच चिडला. त्याने गाण्याचा वेग विचारला. भैय्याजींनी स्क्रीनवर पाहून सांगितलं : मिनिटाला दोनशे दहा ठोके.

ठरले होते एकशे नव्वद. चार महिने तालीम झाली होती तीही एकशे नव्वदवरच.

बाकीची गाणी उघडून पाहिली. नऊच्या नऊ गाण्यांत वीस-वीस ठोके जास्त. ड्रमर उन्मेष कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला. रेकॉर्डिंग आटोपून तो शनिवारीच कामावर परतला होता आणि पुढची रजा त्याला दिवाळीनंतर. प्रशिकने फोन लावला.

"काहून वाढवला बे वेग?"

"वाढवला कुठं? स्टेजवर आपण एवढ्यावरच वाजवतो. मागच्या तीन शोचे व्हिडिओ लावून मोजलं मी. अन् 'अजून तेज, अजून तेज' करत कोण बोंबलते?"

"मले सांगायचं तरी होतं."

"त्यात काय सांगायचं गा? वाजवतेच ना तू."

'राखड'मध्ये एक नियम होता, त्याचाच केलेला : तारेवरचा प्रत्येक आघात वरून खालीच. खाली-वर वाजवलं की हाताला सोपं जातं, पण धार जाते. हा नियम मोडला म्हणून पहिल्या अल्बमनंतर दुसरी गिटार वाजवणाऱ्या गोलूला त्याने बँडमधून काढलं होतं. आणि स्टेजवर वेग चढला की प्रशिक स्वतः दर तिसरा आघात गाळत होता. तिथल्या गोंगाटात ते दोन वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

कामाची पाळी सुरू होते आहे असं सांगून उन्मेषने फोन ठेवला. ड्रमचा वेग कॉम्प्युटरवर उतरवता येईल का, असं प्रशिकने विचारलं. भैय्याजींनी उतरवून दाखवला. झांजा ओल्या पत्र्यासारख्या वाजल्या. आणि अल्बम काढणाऱ्या कंपनीला बुधवारी सकाळी दहाला सगळं हवं होतं.

गोलूच्या जागी आलेली दीक्षा सकाळपासून सोफ्यावर बसून होती. ती उठली, गिटार जोडली आणि पहिलं गाणं एका दमात वाजवून मोकळी झाली. दोनशे दहावर, प्रत्येक आघात वरून खाली. भैय्याजींनी हेच पक्कं करायचं का म्हणून विचारलं.

"थांबा," प्रशिक म्हणाला. "मी खाली-वर वाजवून पाहतो. एवढ्या वेगात कोणाले समजते?"

दीक्षाने वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मंग गोलूले काहून काढलं दादा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच त्याला लागलं. त्याने उन्मेषला शिव्या घातल्या, व्हिडिओ काढणाऱ्यांना घातल्या, शेवटी स्वतःच्या मनगटाला घातल्या. मग म्हणाला, आठ गाणी तू वाजव. पहिलं मी वाजवणार, नियमानेच.

मंगळवारी दुपारपर्यंत दीक्षाची आठही गाणी झाली. पहिल्या गाण्याचा तिचा टेक भैय्याजींनी पुसलेला नव्हता, हे प्रशिकला माहीत होतं. संध्याकाळी सहा वाजता तो मनगटाला पट्टी बांधून आतच होता. वेग एकेका ठोक्याने चढवत नेताना दोनशे दोनपर्यंत हात स्वच्छ चालत होता.