अधल्यामधल्या स्टेशनवर

निघायच्या आदल्या दिवशीच शिवणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघा, ही गाडी तुमची नाही. तुम्ही प्रवासी आहात. आणि प्रवाशानं काय करायचं असतं? बसायचं असतं. तेवढं जमणार असेल तर चला, नाहीतर धाकटी एका पायावर तयार आहे."

धाकटी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. पायाला भिंगरी लावलेली बाई. ती हसत म्हणाली होती, "तुझा नवरा गाडीत गप्प बसला तर मला फोटो पाठव. मी फ्रेम करून घेईन."

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. बाईंच्या नवऱ्याला सगळी गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणायची. लांब पल्ल्याच्या, लहान स्टेशनांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या गाड्या चालवण्यात त्यांचा जन्म गेला. मुलीच्या शाळेत कार्यक्रम असो, नाहीतर घरात कुणी तापानं फणफणलेलं असो, साहेब आपले गाडीवर. हाती घेतलेली गाडी शेवटच्या स्टेशनात लावल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा त्यांचा बाणा. बाईंची आई वारल्याचा निरोप वाटेत मिळाला तेव्हासुद्धा ते गाडी पोचवून मगच आले होते. बाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण ते त्यांच्या मनात राहिलं होतं, हे काही खोटं नाही.

आता साहेब निवृत्त झाले होते आणि बाईंनीही शिवणाचा क्लास बंद केला होता. इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करताना बाईंनी एकच स्वप्न जपलं होतं. रडतखडत जाणाऱ्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीत खिडकीशी बसायचं, आवडेल तिथं उतरायचं, कंटाळा आला की पुढच्या गाडीत चढायचं. या लहान रुळाच्या गाडीचं तिकीट आठवडाभर चालायचं, कुठंही उतरा, कुठंही चढा. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ही एक फेरी बघायची. जमली, तर उरलेलं आयुष्य दोघांनी असंच हिंडत काढायचं. नाही जमली, तर भांडण नाही, रुसवा नाही, यापुढे धाकटीबरोबर जायचं आणि साहेबांना घरी पेपर वाचत ठेवायचं. दुसरी गोष्ट झाली असती तर बाई मनातून पार मोडल्या असत्या, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर गाडी निघाली. आणि साहेबांनी काय करावं? बसले हो, नाही असं नाही. पण बसले ते चुलीवर बसल्यासारखे. गाडी जरा हळू झाली की कान टवकारायचे. सिग्नल दिसला की मोठ्यानं म्हणायचे, "हिरवा." इंजिनात सिग्नल बघून तो मोठ्यानं म्हणायची पद्धत असते, ती हाडात मुरलेली. समोर एक जाडजूड गृहस्थ मानेला उशी लावून झोपले होते, ते दर वेळी दचकून उठायचे.

"काय झालं?" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर बाई म्हणाल्या, "काही नाही, हे गाडी चालवतायत. तुम्ही झोपा."

साहेब ओशाळून हसले. मग बाईंनी बाहेर बोट दाखवलं. तळ्याच्या काठी कुणीतरी छत्री उघडून मासे धरत बसलं होतं. "बघा तरी," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान वळवली, पण तोवर तळं मागे गेलं होतं. त्यांची नजर सवयीनं पुढेच धावायची, बाजूला बघायचं म्हणजे त्यांना वेळ लागायचा. बाईंना वाईट वाटलं. रागही आला.

दुपारच्या आधी एका बऱ्यापैकी मोठ्या स्टेशनात गाडी थांबली. इथं गाडीत पाणी-बिणी भरायचं असतं म्हणून थांबा मोठा. साहेब उठले. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले, आणि खिशातला फोन बंद करून बाईंच्या हातात दिला.

झालं. बाई काय ते समजल्या. इंजिनात फोन न्यायचा नाही, हा साहेबांच्या नोकरीचा नियम. पाय मोकळे करायला निघालेला माणूस फोन कशाला बंद करील? स्वारी निघाली होती इंजिनाकडे, त्या ड्रायव्हरला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायला. एवढं बजावूनही. बराच वेळ झाला तरी परतायचं चिन्ह दिसेना. बाईंनी पर्स उचलली आणि नवऱ्याला कानाला धरून आणायला त्या खाली उतरल्या.

फलाट लांबच लांब आणि इंजिन पार पलीकडच्या टोकाला. बाई निम्म्या वाटेवर असतील नसतील, तोच शिट्टी झाली आणि गाडी हलली. पलीकडे साहेब टुणकन पहिल्या डब्यात चढताना त्यांना दिसले. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या हिशेबी बायको आपल्या जागेवर खिडकीशी बसलेली होती.

धावत्या गाडीत चढायचं नाही, हे साहेबांनीच लग्न झाल्या झाल्या बाईंना शिकवलं होतं. बाई चढल्या नाहीत. बॅगा गेल्या, जेवणाचा डबा गेला, शाल गेली, नवरा गेला. उरली पर्स, तिकिटं आणि दोघांचे दोन फोन.

स्टेशनमास्तर धावत आले. "काकू, घाबरू नका. मी पुढच्या स्टेशनला फोन करतो. काकांना निरोप देऊ, ते उतरून थांबतील. मागची गाडी येईलच थोड्या वेळानं."

"मी घाबरलेय असं कोण म्हणालं?" बाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "फोन करू नका."

"अहो, पण..."

"नकाच करू. रिकामी जागा त्यांना दिसेल की. मग काय करतात, ते मला बघायचंय."

मास्तरांनी हात टेकले. चहा मात्र आणून दिला. त्यांच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. बाईंना ते बघवेना. पर्समधून सुई-दोरा काढून त्यांनी मास्तरांना तिथंच बाकावर बसवलं आणि बटण पक्कं करून दिलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई इथं राहायलाच आलीय. पण आत जीव टांगणीला लागला होता. गाडी अर्ध्यात सोडणारा माणूस तो नव्हे. जाईल शेवटच्या स्टेशनापर्यंत, बॅगा नीट लावून ठेवील आणि म्हणेल, तू येणारच होतीस मागून. बरोबरच बोलेल, पण मग धाकटीला कळवून टाकायचं.

मागची गाडी आली. बाई ऐटीत चढल्या, खिडकीची जागा पटकावली. पहिलं स्टेशन आलं तशी त्यांनी मान बाहेर काढली. फलाटावर दोन दुधाचे कॅन आणि एक झोपलेलं कुत्रं. दुसरं स्टेशन आलं. तिथं शाळेतून सुटलेली पोरं चढली, उतरलं कुणीच नाही आणि थांबलेलं तर कुणीच नव्हतं. काय चूक होती आपली, त्यांनी स्वतःला विचारलं, आपण फक्त शेजारी बसा एवढंच म्हटलं ना? त्यांनी पर्समधून फोन काढला, धाकटीचा नंबर समोर आणला आणि तसाच धरून बसल्या.

तिसरं स्टेशन म्हणजे दोन रुळांच्या मधला एक अरुंद फलाट, त्यावर एक पत्र्याची शेड आणि एक बाक. गाडी थांबली ती थांबलीच. समोरून दुसरी गाडी यायची होती, ती आल्याशिवाय हिला रस्ता नाही. कुणी जांभया देत होतं, कुणी खाली उतरून आळस देत होतं. यथावकाश समोरची गाडी डुलत डुलत आली आणि फलाटाच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली.

बाईंच्या अगदी समोरच्या खिडकीत एक माणूस बसला होता. मांडीवर दोन बॅगा, त्यावर डबा, गळ्यात बाईंची शाल, आणि काखेत मानेला लावायची एक उशी.

दोघांनीही एकदमच खिडकीतून मान बाहेर काढली.

"अगं, तू इथं कशी?" साहेब खिडकीतून म्हणाले.

"तुम्ही तिथं कसे?"

"तुला घ्यायला चाललोय."

बाईंना हसू की रडू ते कळेना. "थांबा, मी येते," म्हणून त्या उठल्या. "तू थांब, मी येतो," म्हणून साहेब उठले. दोघंही आपापल्या गाडीतून उतरले आणि फलाटावर समोरासमोर येऊन उभे राहिले. साहेब घामानं निथळत होते. त्यांनी बॅगा खाली टाकल्या आणि बाकावर बसले.

"गर्दीतून वाट काढत आपल्या डब्यात येईपर्यंत तीन स्टेशनं गेली, आणि बघतो तर तू नाहीस," ते म्हणाले. "तो जाडा म्हणाला, बाई त्या मोठ्या स्टेशनातच उतरल्या. मी गार्डला म्हटलं, थांबव गाडी. मी, मी म्हटलं हे. तो हसला. मग पुढच्या स्टेशनावर हाताला लागेल ते घेऊन उतरलो." 

"गाडी अर्ध्यात सोडलीत?"

"सोडली."

"ही उशी कुणाची?"

साहेबांनी काखेत बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "त्या जाड्याची असणार."

बाई पोट धरधरून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या शेजारी बसल्या. साहेब जिच्यातून आले ती पलीकडची गाडी निघून गेली. मग बाईंच्या गाडीनं शिट्टी दिली. जायचं होतं ते हिनंच. बाईंनी बॅगेला हात घातला.

साहेबांनी तो हात धरला. "राहू दे जरा," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या वेळी मी असंच उतरायला हवं होतं. उतरलो नाही."

इतक्या वर्षांनी हे वाक्य येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी बॅग सोडली आणि हात तसाच नवऱ्याच्या हातात राहू दिला.

गाडी हलली. डबे एकेक करून पुढून गेले, सिग्नल पडला, शेवटच्या डब्यातल्या गार्डनं ओळख नसतानाही हात केला. साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ते शेजारी, बायकोकडे बघत होते.