भिंतीवरचे तीन ठोके

एजंटनं रिकाम्या घराचं कुलूप काढलं, तसे चूपकाका घर भाड्यानं बघायला आलेल्या जोडप्याच्या आधी आत शिरले आणि खिडकीजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

"शिवणाचं मशीन आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "नाही काका. आम्ही दोघंच, तेही दिवसभर कामावर. आमचा आवाज म्हणून यायचा नाही तुम्हाला."

"पोरंबाळं?"

"एवढ्यात नाही."

"मग नको," काका म्हणाले.

जोडपं जिना उतरून गेलं. एजंटनं कपाळाला हात लावला. हे पाचवं गिऱ्हाईक होतं.

"काका, लोक शांत भाडेकरू मिळावा म्हणून माझ्या हातापाया पडतात. तुमचं आपलं काहीतरी भलतंच."

चूपकाका हे नाव याच घरात पूर्वी राहणाऱ्या दोन मुलींनी ठेवलेलं. काकांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वभाव किरकिरा झाला आणि लग्न राहून गेलं. शेजारी या मुलींची आई कपडे शिवायची. सकाळपासून मशीनचा खडखडाट, त्यावर कडी म्हणून रेडिओ. अगदीच डोकं उठलं की काका भिंतीवर तीन ठोके द्यायचे. पलीकडून कात्रीच्या मुठीचा एक ठोका यायचा, म्हणजे ऐकलं, आणि रेडिओ हळू व्हायचा. अर्ध्या तासात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. असं बारा वर्षं चाललं. एकदा काका तापानं फणफणून दोन दिवस पडून होते, तर तिसऱ्या दिवशी बाई दारात हजर.

"काका, भिंत का वाजवली नाहीत? माझा जीव टांगणीला लागला."

"आजारपणात तरी शांतता मिळू द्या," काका तेव्हा म्हणाले होते आणि दार लावून घेतलं होतं.

मग काकांची थोरली बहीण वारली आणि तिचा बक्कळ पैसा त्यांच्याकडे आला. लोक म्हणाले, आता जग बघा. काकांना जगात एकच गोष्ट हवी होती. त्यांनी शेजारच्या घरमालकाला तो मागेल ती किंमत मोजून ते घरच विकत घेतलं, आणि महिन्याभरात मशीन, रेडिओ, मुली सगळं एका टेम्पोत बसून निघून गेलं. पहिले आठ दिवस काका खुशीत होते. नवव्या दिवशी जेवताना त्यांना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू आला, आणि ताट तसंच ठेवून ते उठले.

"त्या शिवणवाल्या बाईला विचारलंस?" काकांनी आता एजंटला विचारलं. "भाडं देऊ नका, नुसत्या राहायला या, म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं." एजंट हातातल्या चाव्यांशी चाळा करत राहिला. "नको म्हणाली. तिकडे कोणी भिंत वाजवत नाही, मशीन मनसोक्त चालवता येतं म्हणाली. पण राग नाही हो तिचा. तुमची तब्येत विचारत होती."

"बरी आहे म्हणावं," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

एजंट गेल्यावर काकांनी आपल्या घरातला रेडिओ उचलून आणला. रिकाम्या खोलीत, जिथं मशीन असायचं तिथं जमिनीवर ठेवला आणि त्याचा आवाज होईल तेवढा मोठा केला. दाराला कुलूप लावून ते स्वतःच्या घरी आले, खुर्चीत बसले. भिंतीतून गाणं येऊ लागलं. दुपारचं ऊन पायाशी आलं होतं. कितीतरी दिवसांनी काकांना बरं वाटलं, अगदी पूर्वीसारखं, आणि दोन गाणी होईपर्यंत ते डोळे मिटून बसले.

मग जुन्या सवयीनं हात वर गेला. त्यांनी भिंतीवर तीन ठोके दिले आणि कान देऊन थांबले.

रेडिओ तसाच वाजत राहिला. काका जरा वेळ थांबले, मग त्यांनी पुन्हा तीन ठोके दिले, या वेळी अगदी हळू.