मशिदीपुढची बेचाळीस पावलं

गुलाम नबींना पाय चुकलेला माणूस सहन होत नसे. पलटणीच्या बँडात त्यांनी पंचवीस वर्षं काढली आणि तिथून हा आजार घरी आणला. निजामी मुलखातल्या बाळापुरात सात जणांना बँड शिकवायला घेतलं, तेव्हा चार महिने त्यांनी कुणाला पितळेला हात लावू दिला नाही. गाणं आधी गळ्यात बसवायचं, मग पायात, बाजा त्यानंतर. मेंढरं राखून दणकट झालेला मसाजी पार कंटाळला, पण उस्तादांपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

किसनसिंगाच्या पोराची वरात ही त्यांची पहिली सुपारी. सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, दिवस रझाकारीचे. जो तो जीव मुठीत धरून होता. वाटेवर मशीद होती. मशिदीपुढं बाजा बंद ठेवायचा हा जुना रिवाज, पण यंदा तिथं एक सूर जरी निसटला असता, तरी रक्त सांडायला तेवढं निमित्त पुरलं असतं.

अडचण अशी, की या नवशिक्यांचं गाणं मध्येच तुटलं की पुन्हा जुळत नसे. उस्तादांनी तोड काढली. सातांतल्या नामाजीचा ढोल थांबला की गाणं मनात चालू ठेवायचं आणि पावलं मोजायची. बेचाळिसावं पाऊल मशिदीपलीकडं पडतं, तिथं सगळ्यांनी एकदम फुंकायचं. वरात अडली तर जागच्या जागी पाय हलवायचे, ठेका सोडायचा नाही. नजर पुढच्याच्या टाचेवर, पहिल्याची जमिनीवर. पलटणीत असंच चालायचं.

आत असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज चालू होती. बाहेर ओट्यावर भाले घेतलेले चौघे रझाकार बसले होते. ढोल थांबला, पावलं पडू लागली. बाविसाव्याला मागं नवरदेवाची घोडी अडली. नवरदेवाला टाकून बँड पुढं जात नसतो, तेव्हा तोही थांबला, नेमका मशिदीच्या दारात. घोडीला चुचकारून झालं, ओढून झालं, ती ढिम्म. सातही जण शिकवल्याबरहुकूम जागच्या जागी पाय हलवत राहिले.

आणि गुलाम नबींच्या ध्यानात आलं. हे सातजण मोजत होते ते पावलं, रस्ता नव्हे. बेचाळिसावं इथंच पडणार होतं. ओरडावं तर नमाज मोडायची. हात करावा तर सगळ्यांच्या माना खाली. शिकवणं आपलंच, दोष कुणाला द्यायचा? त्यांना स्वतःचाच संताप आला. पस्तीस झाली. सगळ्यांत पुढच्या मसाजीनं बाजा ओठांशी नेला.

उस्ताद त्याच्या पुढ्यात घुसले आणि वेडेवाकडे पाय टाकू लागले. एक उलटा, दोन घाईचे, एक लांबलेला. जन्मात न चुकलेला माणूस दारुड्यासारखा नाचला. मसाजी गडबडला, मोजणी सुटली. मागचे त्याच्याच टाचा बघत होते, तेही ढासळले. एकेक बाजा खाली आला. कुणीच फुंकलं नाही.

घोडी हलली, मशीद मागं पडली, पण गाणं काही जुळलं नाही. नुसते भसाडे सूर निघाले. वऱ्हाड हसलं, किसनसिंगानं चारचौघांत उस्तादांचा उद्धार केला. मांडवापाशी मसाजी डोळ्यांत पाणी आणून समोर उभा राहिला.

“उस्ताद, चार महिने आमाला ताणलं तुमी. आन् ऐन वक्ताला तुमीच पाय चुकलात.”

खरं सांगितलं असतं, तर आपण कशातून वाचलो हे कळून त्या सातांनी पुन्हा कधी बाजा ओठाला लावला नसता. गुलाम नबींनी मान खाली घातली.

“व्हय, चुकलो म्या,” ते म्हणाले. “तकलीफ झाली तुमाला. उद्या सकाळी या, पयल्यापासून गाऊ.”