सभासद नसलेल्याचं पत्र

वाळवी लागलेल्या कपाटातल्या तिसऱ्या गठ्ठ्यात अराबाला वडिलांचं अक्षर दिसलं, आणि ती उभीच राहिली.

घानातल्या सेकोंडी गावच्या इंजिनिअर संस्थेला पन्नास वर्षं होत होती. स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रं लावून द्यायचं काम शिक्षिका असलेल्या अराबाने शाळेच्या सुट्टीत अंगावर घेतलं होतं. तिचे वडील, एबो क्वान्सा, सरकारी कचेरीत पुलांचे नकाशे काढायचे. ती दहा वर्षांची असताना नदीवरचा नवा पूल भर पुरात कोसळला. बाजाराला निघालेल्या चौदा बायका ट्रकसकट बुडाल्या. चौकशीत खापर फुटलं ते वडिलांच्या नकाशावर. वडिलांची नोकरी गेली. पुढे मरेपर्यंत ते कोळ्यांच्या होड्यांवर नावं रंगवत राहिले, आणि शाळेतली मुलं अराबाला ‘पूलपाड्याची पोर’ म्हणत राहिली.

पत्र पूल पडण्याच्या सात महिने आधीचं होतं. ‘मधल्या खांबाचा पाया खडकापर्यंत नेलेला नाही, खाली गाळ आहे. वरिष्ठांना दोनदा सांगितले. मोठ्या पुरात खांब खचेल. संस्थेने लक्ष घालून काम थांबवावे.’ त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पत्रलेखक संस्थेचा सभासद नाही. सबब विचारात घेतले नाही.’ खाली तेव्हाच्या चिटणिसाची सही होती, जे. अक्वाये.

अक्वाये आता अध्यक्ष होते. अराबा पत्र घेऊन थेट त्यांच्या खोलीत शिरली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला. “बरं मग?”

“बरं मग? चौदा बायका मेल्या, साहेब!”

“पोरी, मी तेव्हा तिशीतला. नियम होता तसं लिहिलं. नकाशे काढणाऱ्यांची पत्रं घेत बसलो असतो तर संस्था चालली असती का?”

“आणि चौकशीत? तिथे तोंडाला कुलूप कुणी लावलं होतं?”

“आपण स्मरणिका काढतोय. जुनी मढी उकरू नकोस. दे तो कागद इकडे.”

अराबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हात लावून बघा,” ती म्हणाली, आणि पत्र छातीशी धरून बाहेर पडली.

वार्षिक सभेत भाषणं चालू असताना ती मागच्या रांगेतून उठली. “खाली बसा बाई, तुम्ही सभासद नाही,” कुणीतरी ओरडलं.

“माझा बापही नव्हता!” ती म्हणाली, आणि खणखणीत आवाजात पत्र वाचलं, चिठ्ठी वाचली, सही वाचली. मग मेलेल्या बायकांची नावं एकेक करून घेतली. तीन म्हातारे सभासद उठून गेले. अक्वाये टेबलावरच्या फुलांकडे बघत राहिले. शेवटी तरुण इंजिनिअरांनी रेटून ठराव करून घेतला: पत्र इतिवृत्तात घ्यावं, संस्था दिलगीर आहे. अक्वायेंनी त्यावरही सही केली. राजीनामा मात्र दिला नाही.

अराबा आईकडे गेली. म्हातारी अंगणात मासे धुरावर लावत होती. अराबाने ठराव घरच्या फान्ती बोलीत सांगितला.

“दिलगीर?” आई म्हणाली. “पस्तीस वर्षांनी? त्यांची दिलगिरी घाल चुलीत.”

“पण पत्र सापडलं ना, आई.”

आईने हातातला मासा टोपलीत टाकला. “तुझा बाप रोज सांगायचा मला, एफुवा, मी लिहिलं होतं. आणि मी काय म्हणायचे? लिहिलं होतंस तर कागद दाखव. भांडण झालं की हेच. तो आजारी पडला तेव्हासुद्धा हेच, कागद दाखव.” तिने टोपली पायाने बाजूला सारली. “त्या अक्वायेला मी शिव्या देईन गं, बाजारात उभी राहून देईन. पण मी तर तुझ्या बापाच्याच घरात राहत होते!”

अराबाने पत्र पुढे केलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने ओले हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि तरीही कागदाला हात लावला नाही.