लख्ख घासलेला सेन्सर

मित्रांनो, दुधाच्या डेअरीतल्या प्रयोगशाळेत, खालच्या खणात पडून असलेला मी एक जुना सेन्सर आहे. दिसायला पेन्सिलीएवढी पांढरी कांडी आणि टोकाला मिरीएवढी काळी चकती. एवढ्याशा जिवाने टँकरच्या टँकर अडवले आहेत, हसू नका.

माझी सगळी करामत त्या चकतीवर होती. तपासनीस बाईंनी तिच्यावर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढवला होता. आजारी गाईला दिलेलं औषध दुधात उतरलं, की त्याचे रेणू त्या थराशी विजेची देवाणघेवाण करत आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ उंच उडे. औषध नसलं की शून्य.

बाईंची एक शिस्त होती. रोज सकाळी थोड्या दुधात त्या स्वतःच औषध मिसळत आणि आधी तेच मला देत. मी ते पकडलं, तरच पुढचं काम. "नाक फार तिखट आहे हो याचं," त्या सगळ्यांना सांगत. मला फार बरं वाटायचं.

एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला. आमच्या व्यवस्थापक साहेबांना स्वच्छतेचं भारी वेड, त्यात पाहुणे येणार होते. माझी चकती त्यांना मळकट दिसली. झालं! खरखरीत कपडा घेऊन त्यांनी ती आरशासारखी घासली. सोनं कपड्याला गेलं आणि मी आंधळा झालो. मग त्यांनी मुलांच्या रुग्णालयात जाणारं दूध मला दिलं. तिथल्या काही मुलांना त्या औषधाने श्वास कोंडण्याइतका त्रास होतो. मी शून्य दाखवलं. साहेब खूश!

बाई आल्या, तेव्हा टँकर फाटकाकडे वळत होता.

"याला आधी औषधाचं दूध दिलं होतं ना?"

"अहो, नव्यासारखा चमकतोय! त्याला काय तपासायचं?"

बाईंनी घाईघाईने दुधात औषध मिसळलं आणि मला बुडवलं.

"बघा, शून्य!" साहेब म्हणाले. "उत्तमच की."

"साहेब, यात औषध मी आत्ता माझ्या हाताने घातलंय."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. टँकर थांबवायला ते स्वतःच धावत सुटले.

दुसऱ्या सेन्सरला त्या दुधात औषध सापडलं. सगळं दूध ओतून दिलं. रुग्णालयात दुसरं दूध उशिरा पोहोचलं, म्हणून मुलांनी बरीच कुरकुर केली म्हणे. ती ऐकायला मला आवडलं असतं.

माझ्या चकतीवर खोल ओरखडे पडले होते, त्यामुळे नवा थर काही टिकेना. माझी जागा आता दुसऱ्याकडे आहे. मित्रांनो, त्याला चकचकीत नको, जपून ठेवा. आणि त्याने शून्य दाखवलं, की शाबासकी देण्याआधी त्याला दिसतंय ना, एवढं बघा. आम्हाला दिसेनासं झालं, तर ते आमचं आम्हाला सांगता येत नाही.