खाडीत सोडलेली संत्री

पौष संपत आला, पळसाची पानं गळायला लागली, तसा बंडोपंतांचा धीर सुटला. ते पुलगावात वहिनीकडे आले, ओसरीवर बसले आणि समोरच्या चहाला हात न लावता म्हणाले, "वहिनी, आता नाई म्हणू नका. महिन्याभरात झाडावर फुलंच फुलं राहतील, पान एक मिळायचं नाई. मग पार वैशाखापर्यंत थांबा लागेल."

सुमतीबाईंनी कप त्यांच्याकडे सरकवला. पानं कशासाठी हवीत ते त्यांना ठाऊक होतं. ज्याचा देह हाती लागत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मगच पुढचे दिवस करतात. त्यांचा मुलगा साकेत दिवाळीनंतर कोकणात एका खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला, त्याला आता तीन महिने होत आले होते. नावाडी वाचला. होडी मिळाली. साकेत मिळाला नाही.

"माझ्या जित्या पोराला जाळू?" पहिल्या दिवसापासून त्यांचं हे एकच बोलणं होतं.

या आशेला शेजारच्या लीलाबाईंनी भरपूर खतपाणी घातलं होतं. मच्छीमार वाहवत परमुलखात जातात, तिकडे कैदेत पडतात आणि चार-पाच वर्षांनी दाढी वाढलेले घरी येतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "तुमी पाहजा बाई," त्या म्हणायच्या, "एखाद्या जहाजानं उचलून नेलं असन त्याले. येईन एक दिवस, अन् म्हनन, आई, जेवाले वाढ." सुमतीबाईंना ते पटायचं. पटवून घ्यायचं होतं म्हणून पटायचं.

एरवी त्या अशा बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या. गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. समुद्र स्वतः पाहिला एकदाच, तोही शाळेच्या सहलीत, संध्याकाळी तासभर. पण भरती-ओहोटी शिकवायचा दिवस आला की त्या घरून पितळेचं घंगाळ घेऊन जायच्या, त्यात पाणी भरून ते एका बाजूला कलतं करायच्या आणि म्हणायच्या, "पाहा, इकडे चढलं की तिकडे उतरलं." तेव्हा गिरणीचा भोंगा वाजला की घड्याळं लावायचे लोक, आणि भर उन्हात वर्गात पाण्याचं घंगाळ आलं की पोरं हात बुडवायला धावायची. साकेत त्याच वर्गात होता. हात वर करून त्यानं विचारलं होतं, "बाई, पण उतरलेलं पाणी जाते कुठं?" शाळेत तो आईला बाई म्हणायचा. त्या प्रश्नाचं बाईंना नीट उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न त्याला घेऊन समुद्रावर गेला. खाडीच्या तोंडाशी नदीचं पाणी, समुद्राचं पाणी, वारा आणि वाळू यांची रोजची ओढाताण कशी चालते, याचा अभ्यास तो सात-आठ वर्षं करत होता. फोनवर म्हणायचा, "तुझ्या घंगाळाइतकं सोपं नसते आई हे."

बंडोपंतांना वहिनीचं मन वळवता येईना. शेवटी त्यांनी न सांगता एक फोन केला, आणि चार दिवसांनी स्टेशनवरून रिक्षानं एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, पाठीवर बॅग. साकेतबरोबर त्याच खाडीवर काम करणारी ईरा. फोनवर तिचा आवाज सुमतीबाईंनी ऐकला होता, आज पहिल्यांदा पाहत होत्या.

लीलाबाई साखर मागायच्या निमित्तानं आल्या आणि वाटी तशीच मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"काकू," ईरा म्हणाली, "मला काकांनी बोलावलं. पण आम्ही जे पाहिलं तेवढंच सांगेन. जास्तीचं काही नाही."

"सांग," सुमतीबाई म्हणाल्या.

"दिवाळीला तुम्ही संत्र्यांची पेटी पाठवली होती."

"हो. कारंज्याला नणंदेची बाग आहे, तिथली. दरसाल पाठवते. खाल्ली ना त्यानं?"

ईरानं मान खाली घातली. "थोडी खाल्ली. बाकीची आम्ही पाण्यात सोडतो."

"अगं माय!" लीलाबाईंना राहवलं नाही. "इथून ट्रॅव्हल्सनं पेट्या पाठवते ही बाई, अन् तुमी समुद्रात फेकता? मासे खातेत का संत्री?"

"फेकत नाही मावशी, सोडतो. संत्रं बुडत नाही, पण बरंचसं पाण्याखाली राहतं. त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणी नेईल तिकडेच जातं. लांबून दिसतं, आणि हरवलं तरी समुद्रात कचरा होत नाही. प्रत्येकावर शाईनं आकडा घालायचा, कोणतं कुठे लागलं ते पाहायचं. साकेतच म्हणायचा, आमच्याकडच्या संत्र्याची साल चिवट, खडकावर आपटली तरी फुटत नाही."

सुमतीबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. दर फोनला त्या विचारायच्या, यंदा गोड निघाली का रे. आणि तो म्हणायचा, फारच कामाची निघाली आई.

"तो गेल्यावर," ईरा पुढे म्हणाली, "सगळे शोधतच होते. पण आम्हाला वेगळं शोधायचं होतं. आम्ही पंधरा दिवस थांबलो, तशीच मोठी ओहोटी परत येईपर्यंत. मग होडी जिथे उलटली तिथेच, त्याच घटकेला, संत्री सोडली."

"कोणती संत्री?"

"तीच. पेटीत राहिलेली."

बंडोपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"मग?"

"तिथून दक्षिणेला वाळूचा एक लांब दांडा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संत्री त्या दांड्यावर येऊन लागली."

"सगळी?"

"काही मिळाली नाहीत."

सुमतीबाई एकदम सरळ झाल्या. "मग ती बाहेर गेली असतील! मोठ्या समुद्रात. जहाजं जातात तिकडे. असं होऊ शकतं ना? मी भूगोलाची बाई आहे, मला सांग, होऊ शकतं ना?"

बंडोपंतांनी ईराकडे पाहिलं. लीलाबाईंनीही पाहिलं. 'हो' म्हणाली असती तर त्या घरात कुणी तिला दोष दिला नसता. एक बाई आणखी काही वर्षं दाराकडे पाहत जगली असती, एवढंच.

"नाही काकू," ईरा म्हणाली. "ती कोळीवाड्यातल्या पोरांनी खाल्ली. सालं सापडली आम्हाला झावळ्यांखाली. सालांवर आकडे होते. सगळे जुळले. आम्ही विचारलं तर घाबरली पोरं. मग एक जण म्हणाला, वरून खारट होती, पण आतून फार गोड होती."

सुमतीबाई हसल्या. खरंच हसल्या. "गोडच असतात गं," म्हणाल्या. लीलाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडात धरला.

मग सुमतीबाई बोलल्या, ते वर्गात उत्तर पायरी-पायरीनं काढतात तसं. "म्हणजे त्या ओहोटीला तिथून मोठ्या समुद्रात काहीच जात नाही."

"वरच्या पाण्यातून नाही."

"तो जिता असता तर वर असता."

"हो."

"वर असता तर दांड्यावर लागला असता. पंधरा दिवस आधी. आपल्या पायांनी चालत आला असता."

ईराला मान हलवता येईना.

"मग तो कुठे आहे?"

"खाडीतलं वरचं पाणी बाहेर दांड्याकडे जातं तेव्हा तळाचं खारं पाणी आत सरकत असतं, काकू. आणि आत नुसता गाळ आहे, कित्येक पुरुष खोल. पाणबुडे उतरले होते. स्वतःचा हात दिसत नव्हता त्यांना. तो आत आहे. गाळात. यापुढचं मला माहीत नाही."

उतरलेलं पाणी जातं कुठं, याचं उत्तर अखेर असं मिळालं. सुमतीबाई उठल्या, आत गेल्या. लीलाबाई मागोमाग उठणार होत्या, बंडोपंतांनी हातानंच थांबवलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही. भांडी लावल्याचा आला. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, उद्या पानं आणवा. लीलाबाई, या पोरीला आंघोळीला पाणी द्या, प्रवासातून आली आहे."

तिसऱ्या दिवशी नदीकाठी पुतळा झाला. पानांचे देठ दर्भानं बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बायकांनी घाटावर येऊ नये असं गुरुजी हळूच म्हणाले. सुमतीबाईंनी ऐकलं नाही, आणि गुरुजींनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. अग्नी बंडोपंतांनी दिला. पानं भराभर जळाली. माणसाला लागतो तेवढा वेळ त्यांना लागला नाही, आणि तेच सुमतीबाईंना सोसवेना.

राख निवली, मडक्यात भरली. बंडोपंत म्हणाले, "चला वहिनी, सोडून द्या."

सुमतीबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि तिथेच अडल्या. "ही नदी त्याच्याकडे जात नाही, भाऊजी."

"म्हणजे?"

"ही वैनगंगेला मिळते, प्राणहिता होते, गोदावरीत जाते, आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. माझा पोरगा पश्चिमेला आहे."

"वहिनी, पाणी ते पाणी. एवढं काय पाहता."

"पाहते. जन्मभर नकाशावर बोट ठेवून हेच शिकवलं."

ईरा चप्पल काढून पाण्यात आली. "काकू, हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं पाणी खाली उतरतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि आपल्या किनाऱ्यानं वर चढतं. ते कमी खारट असतं, म्हणून ओळखता येतं. आम्ही मोजलंय."

"गोदावरीचं येतं?"

"त्यात तिचंही असतं. सगळं नाही. थोडं."

"त्या खाडीपर्यंत?"

"तिथपर्यंत पोचतंच असं मी म्हणणार नाही."

सुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. परवा ओसरीवर एका शब्दानं हिला सुटता आलं असतं, आणि ही सुटली नव्हती. दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं तर त्यांनी ते समजूत घालणं म्हणून सोडून दिलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मडकं कलतं केलं.

राख पाण्यावर पसरली. पण माघातलं पाणी ते, काठाशी त्याला ओढच नव्हती. राख त्यांच्या पायांभोवतीच घुटमळत राहिली. सुमतीबाई वाकल्या, लुगड्याचा ओचा भिजला तिकडे लक्ष न देता दोन्ही हातांनी पाणी पुढे ढकलू लागल्या, धारेकडे.