जोडकाजूची रेघ

सालहाचं बाळ दूध प्यायला लागलं की तिच्या कामाला एकच हात उरायचा, आणि तिच्या पेनाला तर दोन हात लागायचे.

हे पेन कागदावरचं नव्हे, संगणकातलं. दार एस सलामच्या व्यापाऱ्यांना हल्ली फिल्मवर ब्रशने काढलेली नक्षी नको असते. छपाईच्या जाळ्या करायला त्यांना संगणकातली रेघ लागते. ती भिंतीएवढी मोठी केली तरी तिची कड फाटत नाही. सालहा लग्नाआधीपासून अशी नक्षी काढत होती. शहराच्या टेमेके भागातल्या बायका कमरेला एक आणि खांद्यावर एक असे जे छापील कापडाचे कांगे जोडीने घेतात, त्यातल्या तीन-चार जोड्यांवर तरी तिच्या हातची फुलं होती. बाजारात तशी एखादी बाई पुढून चालत गेली की सालहा उगाचच दहा पावलं तिच्या मागे जायची.

मग झुहुरा झाली. दोन महिने संगणक कपाटावर धूळ खात पडला. एक दिवस बंदलीशेठचा, तिकडच्या भाषेत ब्वाना बंदलींचा, फोन आला. त्यांच्या वडिलांपासून दुकान कांग्याचंच, आणि गल्ल्यामागे आधी दिसायचं ते त्यांचं पोट. त्यांनी एका जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या कांग्याचा फोटो पाठवला होता. मधल्या अंगावर एक फूल, आणि फुलाच्या चार बाजूंना चार जोडकाजू. जोडकाजू म्हणजे पोटाला पोट चिकटवून बसलेले दोन काजू, शेंडे बाहेरच्या अंगाला वळलेले, आणि प्रत्येकाच्या वळणात एक टपोरा ठिपका. आपल्या आंब्याच्या कोयरीची सख्खी बहीण शोभावी असा आकार.

"असाच काढायचा. रमजाननंतरच्या लग्नांना हवाय," ब्वाना बंदली म्हणाले. "जमेल ना आता? का बाळातच गुंतलीस? नसेल जमत तर स्पष्ट सांग. करिआकू बाजारात दुसरा एक जण आहे."

"जमेल," सालहा म्हणाली. त्या 'आता'मध्ये सगळं आलं होतं. एकदा हे काम करिआकूत गेलं की पुढचंही तिकडेच जाणार, आणि वर्षभराने तिला कोणी विचारणारही नाही.

तिच्या पेनाची रीत अशी. ठिपका द्यायचा आणि बोट न उचलता ओढायचं, की ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे फुटतात. रेघ त्या दांड्याच्या टोकाला कधी शिवत नाही, नुसती त्याच्या दिशेने झुकते. दांडा लांब ओढला की बाक मोठा, आखूड ठेवला की बाक लहान. दांडा अगदी सरळ हवा असेल तर माऊस ओढताना दुसऱ्या हाताने शिफ्टचं बटण दाबून धरायचं. सालहाने झुहुरा झोपलेली असताना सहा ठिपक्यांत अर्धा आकार काढला, तो आरशातल्यासारखा उलटवून त्याची जोडी केली आणि पाठवून दिला.

"हे बिस्किट आहे," ब्वाना बंदलींनी कळवलं. "मी काजू म्हटलं होतं."

सासूबाईंनी तो निरोप तिच्या खांद्यावरून वाचला. त्यांचं नाव रिझिकी; 'बी' हा तिकडे थोरल्या बाईला मानाने लावायचा शब्द. बी रिझिकींनी सव्वीस वर्षं कापडाच्या गिरणीत नक्षीच्या रेघा फिल्मवर उतरवल्या होत्या. गिरणी सुटली, बोटांतली ती सवय काही सुटली नव्हती. सुनेसाठी मिरं घातलेली पेज ढवळता ढवळतासुद्धा त्या डावाने पातेल्यात वळणं काढायच्या.

"बरोबर बोलतोय तो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात, बी?"

"काजूच्या. अगं पोरी, काजू झाडाला लटकतो. त्याचं सगळं वजन खाली उतरलेलं असतं. तुझा काजू टेबलावर ठेवलेला आहे. आणि उपाशी आहे."

सालहाला राग आला, आणि मग फोटोतल्या काजूकडे बघून तो गेलाही. खरंच त्याचं पोट खालच्या अंगाला जरासं ओघळलेलं होतं, पोटभर जेवून बसलेल्या माणसासारखं.

बी रिझिकींना त्या दांड्यांचं भारी वावडं. दांड्यांना त्या 'मिशा' म्हणायच्या. "रेघ इकडे, मिशी तिकडे, आणि ओढायची मिशी. दाढी करायला बसलोय का आपण?" मग सालहाने त्यांना नक्षी काढायचा एक फुकटचा दुसरा प्रोग्राम संगणकावर उतरवून दिला. त्यातल्या पेनाला मिशा नव्हत्या. ठिपका द्यायचा, पुढे सरकायचं, पुन्हा ठिपका द्यायचा. रेघ प्रत्येक ठिपक्यातून जाते आणि मधलं वळण आपलं आपण घेते. टोक हवं तिथे दोनदा टिचकी मारायची. सगळं एका हाताने.

"हे आमचंच," बी रिझिकी खूश झाल्या. "आम्ही फिल्मवर सुईने टोचे द्यायचो आणि त्यांच्यावरून ब्रश न्यायचो."

तरी एका गोष्टीवर त्यांचं आणि त्या पेनाचं जमेना. पुढचा ठिपका दिला की मागची रेघ हलायची.

"तिला मी हातसुद्धा लावला नाही. का हलली?"

"नवीन ठिपका आला ना. त्याला सामावून घेते ती."

"आधी विचारायचं तरी."

"मी या घरात आले तेव्हा तुम्हाला हलवताना कोणी विचारलं होतं का?" सालहा म्हणाली, आणि दोघी हसल्या, कारण लग्नानंतरचा पहिला महिना दोघींनाही चांगलाच आठवत होता.

पुढचे दोन दिवस झुहुराच्या मर्जीने काम चाललं. ती प्यायला लागली की सालहा एका हाताने बींच्या पेनाने ठिपके देई. ती ढेकर द्यायला बींच्या खांद्यावर गेली की पेन मोकळं. ती बींच्या मांडीवर झोपली की बी सुनेला म्हणत, "माझा हात हो. खाली दे. अजून खाली. तिथे नाही, पोटाखाली." अर्ध्या आकाराला चौदा ठिपके झाले, पण काजू असा उतरला की त्याला हात लावून बघावंसं वाटावं. उलटवून जोडी केली, वळणात टपोरे ठिपके बसवले, चार जोड्या फुलाभोवती मांडल्या आणि बुधवारी सकाळी फाईल पाठवली.

दुपारी फोन आला. ब्वाना बंदली हसत होते, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"सालहा, लग्नाच्या कांग्यातून घुबड नेसवतेस का बायकांना?"

"घुबड?"

"चार आहेत. उघडून बघ. आणि हे बघ, बाळ लहान आहे, मी समजतो. उद्या तिसऱ्या प्रहरी असरच्या बांगेपर्यंत आलं तर आलं, नाहीतर मी करिआकूला सांगतो. तू आराम कर."

सालहाने चित्र मोठं केलं. दोन काजूंची पोटं जिथे एकमेकांना भेटत होती, तिथे खाली एक छोटीशी अणी निघाली होती. आधी ती दिसलीच नव्हती. आता दुसरं काही दिसेना. दोन्ही वळणांतले टपोरे ठिपके म्हणजे डोळे, बाहेर वळलेले शेंडे म्हणजे कान, आणि मधोमध खाली चोच. चारी बाजूंनी चार घुबडं तिच्याकडे टक लावून बघत होती.

बी रिझिकींनीही पाहिलं. त्यांनी आधी झुहुराचं तोंड दुसरीकडे वळवलं. घरात तान्हं मूल असताना घराच्या कौलावर घुबड बसलं तर त्या काठी घेऊन बाहेर पडणाऱ्या, आणि इथे ते त्यांच्याच बोटांतून निघालं होतं.

"माझ्या पेनाने केलं ना हे?"

सालहाला खोटं बोलता आलं नाही. "तुमचं पेन शेजारच्या ठिपक्याकडे बघून वळतं, बी. शेवटच्या ठिपक्याच्या पुढे कोणीच नसतं. मग ते तिथे तिरकं येऊन थांबतं. उलटवलं की दोन तिरक्या रेघा समोरासमोर येतात."

"आणि तुझं?"

"माझ्यात शेवटच्या ठिपक्यालाही दांडा असतो. तो आडवा सरळ धरला की जोड दिसत नाही."

"सव्वीस वर्षं," बी रिझिकी एवढंच म्हणाल्या. मूल सुनेच्या हातात देऊन त्या अंगणात कसाव्याचे कंद सोलायला गेल्या. सोलण्याचा आवाज फार जोरात येत होता.

सालहा बाळाला शेजारी चटईवर ठेवून संगणकासमोर बसली. स्वतःच्या पेनाने नव्याने काढावं तर पुन्हा बिस्किट होणार. बींच्या पेनाने काढावं तर चोच. मग तिला सुचलं की बींचीच रेघ आपल्या प्रोग्राममध्ये उघडून बघावी. उघडली, आणि चौदाही ठिपक्यांना मिशा फुटल्या. म्हणजे बींनी डोळ्याने जे ओघळलेलं पोट शोधलं होतं, त्याचे दांडे तिला आयते मिळाले होते. तिने एक ठिपका काढून टाकला. पोट जरा बसलं. शेजारचा दांडा थोडा लांबवला, पोट पुन्हा भरलं. आणखी एक काढला.

तेवढ्यात झुहुरा रडू लागली. सालहाने तिला कुशीत घेतलं आणि माऊसवरचा हात तसाच राहिला. आता शेवटच्या ठिपक्याचा दांडा सरळ करायचा होता, आणि शिफ्ट दाबायला हात नव्हता. झुहुरा एकदा लागली की पाऊण तास सोडत नसे. मग आंघोळ, मग स्वयंपाक, मग पुन्हा दूध. उद्याची असर तिला इथूनच दिसू लागली.

"बी," तिने हाक मारली. सोलण्याचा आवाज थांबला नाही. "बी, मला हात हवाय."

"माझ्या हाताने घुबडं निघतात."

"काढायला नकोय. नुसता दाबायला हवाय."

बी रिझिकी पदराला हात पुसत आल्या आणि तिच्या शेजारी चटईवर बसल्या. सालहाने बटण दाखवलं.

"दाबा."

"दाबलं."

"ते नाही, त्याच्या खालचं. त्या वरच्याने सगळी अक्षरं मोठी होतात."

"मोठी झाली तर काय बिघडलं? हे?"

"हेच. आता सोडू नका."

सालहाने दांडा ओढला. तो तिरपा होता, तो टुणकन आडवा झाला आणि आडवाच राहिला. चोच पोटात गेली. दोन्ही काजू एकमेकांत असे मिसळले की जोड कुठे होता ते सांगता येईना. वरच्या टोकालाही तसंच केलं. मध्येच झुहुराला उचकी लागली, माऊस घसरला आणि एका काजूला गळ्यापर्यंत पोट आलं.

"हा बंदली झाला," बी म्हणाल्या.

सालहा इतकी हसली की झुहुराने दूध सोडून तिच्याकडे नाराजीने पाहिलं. पोट जागेवर आणलं. ठिपके काढत काढत चौदाचे आठ झाले. सातवर न्यायला गेली तर बींनी शिफ्टवरचा हात उचलून सुनेच्या मनगटावर ठेवला.

"तो नको काढू. तो वजनाचा आहे."

सालहाने तो काढून पाहिला. काजू लगेच टेबलावर जाऊन बसला. तिने ठिपका परत आणला. इतकी वर्षं कमी ठिपक्यांचा तिला अभिमान होता. आज तो आठवा ठिपका आवडला.

गुरुवारी जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या आधीच फाईल गेली. असरची बांग झाली, फोन आला नाही. सालहाने कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. बी रिझिकींनी तिला पेजेचा वाडगा दिला आणि ती पिईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. फोन वाजला तेव्हा वाडगा रिकामा झाला होता.

"घुबडं उडालेली दिसतात," ब्वाना बंदली म्हणाले. "आईने दुकानात बसून पाहिला. म्हणाली, हा खरा लटकणारा काजू. जाळ्या करायला टाकतोय. आता किनारही तूच कर. सोमवारी दे."

सालहाने झुहुराकडे पाहिलं. आठवड्यापूर्वीची सालहा असती तर हो म्हणून मोकळी झाली असती.

"सोमवारी नाही जमणार, ब्वाना. माझं काम बाळाच्या वेळेने चालतं. पुढच्या गुरुवारी देईन."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. बी रिझिकी फोनला कान लावायला सरकल्या.

"गुरुवारी दुपारपर्यंत," ब्वाना बंदली म्हणाले.

"संध्याकाळ म्हण," बी कुजबुजल्या.

"संध्याकाळपर्यंत," सालहा म्हणाली.

"तिथे अजून कोणी आहे का?"

"माझ्या सासूबाई आहेत. पोट त्यांनी काढलंय."

"असं? मग त्यांना सांग, किनारीची वेल जरा डुलती हवी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बी रिझिकींनी संगणक आपल्याकडे ओढला होता. "वेल माझ्या पेनाने," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात जिथे जोड येतो, तिथे तू."

"चालेल. पण एका वळणाला पाचच ठिपके, बी."

"दहा."

"सहा."

"वेलीलाही उपाशी मारणार तू. नऊ."

"सात. आणि नंतर मी काढले तर रुसायचं नाही."

"कोणता काढायचा ते मला विचारून काढायचा," बी रिझिकी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला ठिपका दिला.